साडेतीन गावांचे राजे आणि आमचे माणिकराव

तमाम नागरिकांना, विशेषतः आखाडा बाळापूर आणि आसपासच्या जाणत्या मंडळींना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, साडेतीन गावांचे जहागीरदार राजे रायभान बहादूर हे होते की नव्हते, आणि असल्यास त्यांना जिल्ह्याच्या चरित्रकोशात जागा द्यावी की नाही, या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. सदर प्रश्नावर आमची समिती चार महिने बसली. मध्ये दोनदा उठलीही. एकदा भांडण झालं म्हणून आणि एकदा टेबलावर पाल पडली म्हणून. तरी पण निकाल लागला. तो ज्यांनी लावला ते गृहस्थ म्हणजे माणिकराव, निवृत्त मोजणीदार. माझा आजचा विषय राजे नाहीत, माणिकराव आहेत. राजांना एक ओळ मिळाली आहे, तेवढी त्यांना पुष्कळ झाली.

माणिकरावांची ओळख थर्मामीटरपासून करून द्यावी लागेल.

एकदा भर दुपारी ते माझ्या छापखान्यात आले. अंगावर शाल, डोळे लाल, आणि हातात आडवा धरलेला थर्मामीटर. देवापुढचं निरांजन विझू नये म्हणून बाया जशा जपून चालतात, तसे चालत आले. म्हणाले, ताप आलाय. मी म्हटलं, दिसतंच आहे, बसा. ते बसले नाहीत. थर्मामीटर माझ्या डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "एकशे दोन. पारा उतरवला न्हाई. बघून घ्या."

मी म्हणालो, माझा तुमच्यावर विश्वास आहे.

"तुमी मानता हे बराबर. पर बघून घ्या."

मी चष्मा लावून पाहिलं. एकशे दोन होता. मग कुठे त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं आणि ते डॉक्टरकडे गेले. ताप त्यांना सोसत होता, पण साक्षीदाराशिवायचा ताप सोसत नव्हता.

हा माणूस प्रत्येक वाक्याला पुरावा जोडतो. 'काल औंढ्याला गेलो होतो' असं म्हणतात आणि तुम्ही काही विचारायच्या आत बसचं तिकीट पुढे करतात. दाढ काढली की दाढ दाखवतात. एकदा सिद्धेश्वरच्या धरणावरून तीन किलोचा मासा आणला. तो आम्हाला दाखवला, तो आम्ही वाखाणला, प्रकरण मिटायला हवं होतं. पण मासा बाजारातूनही आणता येतो, अशी शंका कुणाच्या तरी मनात येईल अशी शंका त्यांच्या मनात आली. म्हणून ते ज्याच्या जाळ्यात मासा सापडला त्या मच्छीमारालाच मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आले होते. तो बिचारा छापखान्याच्या दारात ओल्या लुंगीने उभा राहिला आणि 'व्हय, धरणातलाच हाय' एवढं बोलून, चहा पिऊन परत गेला. जाताना त्याने मला हळूच विचारलं, यांच्यावर काही केस चालू आहे का?

आता असा माणूस चरित्रकोशाच्या समितीत आला तर काय होईल, याचा विचार आम्ही आधी करायला हवा होता.

आपल्या जिल्ह्यातल्या थोर माणसांचा एक कोश निघाला पाहिजे, असं शकुंतला मॅडमना एका सकाळी वाटलं. मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना काही वाटलं की ते इतरांना करावं लागतं. मला समितीत घेतलं, कारण छापखाना माझा आणि छापखान्यातला पंखा चांगला. माणिकरावांना घेतलं, कारण त्यांना मोडी वाचता येते आणि जुनी उर्दूही. मोजणी खात्यात निजामाच्या वेळचे कागद याच दोन लिप्यांत असत, आणि नोकरीला लागल्या लागल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याकडून त्यांनी दोन्ही शिकून घेतल्या होत्या. अशी आमची तिघांची समिती.

पहिल्याच बैठकीत माणिकरावांनी कायदा केला. ज्याची नोंद घ्यायची त्याच्याबद्दल तीन जुने कागद पाहिजेत. तिन्ही कागद नातलगानं लिहिलेले नकोत. 'नातलगाचा कागद म्हंजे आरती,' हे त्यांचं म्हणणं. आणि कागदांत जे असेल ते सगळं छापायचं. निम्मं छापलं तर ती फेकाफेकी.

मॅडमना हे फार आवडलं. मलाही आवडलं. लोकांना आवडलं नाही.

कोश निघणार ही बातमी फुटली आणि जिल्ह्यात एकाएकी थोर आजोबांचा पूर आला. कुणाच्या आजोबांनी बैल उचलला होता, कुणाच्या आजोबांनी रझाकारांना नुसत्या नजरेने पळवलं होतं. एका गृहस्थांच्या आजोबांनी पूर्णेच्या पुरात उडी मारून एक आख्खं लग्नाचं वऱ्हाड वाचवलं होतं, वाजंत्र्यांसकट. माणिकराव सगळं शांतपणे ऐकायचे. मान डोलवायचे. शेवटी तळहात पुढे करून म्हणायचे, "बराबर. कागद?"

या दोन शब्दांनी किती आजोबा धारातीर्थी पडले, त्याची गणती नाही.

एका पैलवानाची नोंद मात्र पक्की झाली. तीन कागद मिळाले. नातू पेढ्यांचा पुडा घेऊन आला, आम्ही पुडा उघडला, आणि नातवाने मजकूर वाचायला घेतला. पंचक्रोशीत नाव, अमुक फडात मानाचं कडं, तमुक जत्रेत फेटा. मग शेवटचं वाक्य आलं, की शेवटच्या पाचही कुस्त्या पैलवान हरले आणि पाचव्या कुस्तीनंतर पंचांशी भांडले. नातवाने कागद खाली ठेवला. पुड्याला पुन्हा दोरा गुंडाळला आणि पुडा घेऊन निघून गेला. माझ्या तोंडात एक पेढा होता, तेवढाच वाचला.

स्वतःच्या वडिलांनाही माणिकरावांनी सोडलं नाही. वडील शिक्षक होते, अर्धा तालुका त्यांच्या हाताखाली पाढे शिकला. मॅडम म्हणाल्या, अहो, ते तर यायलाच पाहिजेत. माणिकराव म्हणाले, कागद दोनच आहेत. आणि पट्टी ठेवून, अगदी सरळ रेघ मारून, त्यांनी वडिलांचं नाव यादीतून काढलं.

अशा या न्यायासनासमोर राजाभाऊ आला.

राजाभाऊचं चौकात पंक्चरचं दुकान आहे. नांदेडकडे जाणारा प्रत्येक ट्रक कधी ना कधी त्याच्यापुढे थांबलेला आहे. दुकानावर पाटी आहे, 'राजे पंक्चर'. ही पाटी त्याने लावलेली नाही, गावातल्या टवाळांनी एका सकाळी आणून ठोकली आणि त्याने ती काढली नाही, एवढंच. त्याचं कारण त्याचे वडील, किसनदादा. किसनदादा म्हणायचे, आपण साधेसुधे नाही, रायवाडीच्या राजे रायभान बहादुरांचे वंशज आहोत. साडेतीन गावांची जहागीर होती. साडेतीन का, तर चौथ्या गावातून ओढा जायचा आणि ओढ्यापलीकडचं अर्धं गाव दुसऱ्याचं होतं. लग्नात, बारशात, हॉटेलात, जिथे चार माणसं दिसतील तिथे किसनदादा हे सांगायचे. आणि सांगून झालं की कुणीतरी तोंडाने तुतारी वाजवायचं. आमच्या चौकात ती तुतारी पुष्कळ वर्षं वाजली. मीही वाजवली आहे, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी किसनदादा गेले.

राजाभाऊ आला तो दारातच उभा राहिला. हात तेलकट, म्हणून कशाला स्पर्श करीना. रायभान राजांची नोंद घ्या म्हणाला. माणिकरावांनी तळहात पुढे केला. राजाभाऊकडे कागद नव्हता. त्याच्याकडे एकच गोष्ट होती, ती त्याने खाली बघून सांगितली. तो वीस-बावीस वर्षांचा असताना, त्याला बघायला पाहुणे आले होते. किसनदादांनी राजांची गोष्ट काढली. पाहुणे हसायला लागले. आणि राजाभाऊ सगळ्यांच्या देखत बापाला म्हणाला होता, दादा, आता बस करा फेकणं.

"त्या दिवसापासून दादा बाहेर सांगायचे, पर घरात राजाचं नाव न्हाई काढलं," राजाभाऊ म्हणाला. "मला मोठेपणा नको साहेब. राजा होता का न्हवता, तेवढंच पायजे. न्हवता तर न्हवता म्हणून लिहून द्या. पर बघा."

मला वाटलं, आता 'बराबर, कागद?' येणार. माणिकरावांनी पुढे केलेला तळहात मागे घेतला. मग चष्मा पुसत म्हणाले, "कागद तू काहून आणशील? तू तर नातलग हायेस. आमीच शोधतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं. समितीच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं.

नंतरचे चार महिने माणिकराव राजांच्या मागे लागले, आणि मी माणिकरावांच्या. मोजणीच्या नोकरीत जिल्ह्यातला एकूण एक बांध त्यांनी पायाखाली घातलेला. कुणाच्या घरात जुनी पेटी आहे, कुणाच्या माळ्यावर दप्तर आहे, हे त्यांना तोंडपाठ. लोक त्यांना पाहिलं की आधी घाबरत, आता बांध सरकणार म्हणून. मग नुसता कागद हवाय म्हटलं की खूश होऊन जेवायलाच बसवत.

पहिला कागद पुसेगावात सापडला, एका शेतकऱ्याच्या घरी, हळदीच्या पोत्यांमागच्या पेटीत. मोडीतलं पत्र होतं. माणिकराव ते ओसरीवर बसून अक्षर अक्षर वाचू लागले आणि मी उतरवून घेऊ लागलो. 'रायवाडीचे राजे रायभान बहादूर आमचा घोडा लग्नाकरिता घेऊन गेले. तो परत आणला.' मी उडालोच. म्हटलं, सापडले की राजे. माणिकरावांनी हात वर केला. पुढे होतं, 'परंतु अशा स्थितीत, की आम्ही घोड्यास ओळखले नाही आणि घोड्याने आम्हांस.'

घरमालक पोट धरून हसला. माणिकराव हसले नाहीत. कागदाच्या पाठीवर काही आहे का ते बघत राहिले.

दुसरा कागद उर्दूत होता, कळमनुरीच्या एका वकिलांच्या आजोबांच्या दप्तरात. कुणी मोठा अधिकारी दौऱ्यावर आला, त्याच्या दरबाराला कोण कोण होतं त्याची यादी. राजे रायभान यांच्या नावापुढे 'हाजिर' असं लिहिलं होतं आणि पुढे बारीक अक्षरात शेरा, 'मगर नींद में'. 

तिसऱ्या कागदासाठी आम्ही सिद्धेश्वरच्या बाजूला एका तांड्यावर गेलो. तिथल्या नाईकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत असत, आता नाईक सोयाबीन पेरतात. त्यांनी पितळेच्या डब्यातून कागद काढला, तो काढतानाच हसू दाबत होते. म्हणाले, ही गोष्ट आमच्यात रडणाऱ्या लेकराला गप करायला सांगतात. कागद त्यांच्या पूर्वजाने कुलकर्ण्याकडून लिहून घेतलेली फिर्याद होती. रायवाडीजवळ तांडा उतरला असताना लुटारू आले. तांड्याची माणसं काठ्या घेऊन उभी राहिली. 'त्या समयी राजे चिंचेवर, उंच जागी होते. लुटारू पळाल्यावर राजांस उतरा म्हटले, तरी उतरेनात. सबब शिडी लावावी लागली.'

झालं. तीन कागद. तिन्ही परक्यांचे. कायद्यात चोख बसणारे. आमच्या कोशात इतका पक्का पुरावा दुसऱ्या कुणाचाच नव्हता, आणि इतका वाईटही.

परतीच्या बसमध्ये मी हसून हसून दमलो होतो. माणिकराव खिडकीकडे तोंड करून बसले होते. कंडक्टरने तिकीट दिलं, ते त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवलं. मला राहवलं नाही. मी विचारलं, माणिकराव, ही तिकिटं तुम्ही जपता कशाला? कोण विचारणार आहे तुम्हाला?

 औंढा मागे पडल्यावर ते बोलायला लागले. मुलगा पुण्यात असतो. चांगला आहे. रविवारी फोन करतो. एका रविवारी बोलणं संपलं, पण मुलाचा फोन चालूच राहिला. इकडे यांच्याही कानाला तसाच. तिकडे सून काहीतरी विचारत होती आणि मुलगा हसत तिला म्हणाला, बाबांचं निम्मं वजा करून ऐकायचं.

"काय सांगितलं होतं तुम्ही त्याला?" मी विचारलं.

"अस्वलाचं," माणिकराव म्हणाले. नोकरीच्या पहिल्या वर्षी पैनगंगेच्या काठाला मोजणी चालली होती. साखळीचं एक टोक यांच्या हातात, दुसऱ्या टोकाला शिपाई. शिपाई टोक टाकून पळाला आणि झुडपातून अस्वल आलं, साखळीच्या त्या टोकावर येऊन उभं राहिलं. यांनी आपल्या हातातलं टोक सोडलं नाही. अस्वल गेलं. मग यांनी माप लिहिलं. बस, एवढीच गोष्ट.

खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "आता यातलं निम्मं वजा केलं तर काय राहतं? अर्धं अस्वल?"

त्या बसमध्ये मला पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यावर हसू आलं नाही.  बाळापूरला उतरताना मी माझंही तिकीट टाकलं नाही. का, ते सांगता येणार नाही.

मग समितीची शेवटची बैठक बसली. मॅडमनी तिन्ही कागदांची नक्कल वाचली, डोळ्यांतलं पाणी पुसलं, ते हसण्याचं होतं, आणि एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, हे छापलं तर चौकातली पोरं राजाभाऊला सुखाने हवा भरू देणार नाहीत. आतापर्यंत तुतारी वाजत होती, आता शिडी आणतील. नोंद घेऊच नका. मी म्हणालो, नोंद घेतली नाही तर किसनदादा खोटे ठरतात आणि मुलगा जन्मभर ते घेऊन बसतो. मॅडम म्हणाल्या, मग निम्मं छापा. मी म्हणालो, निम्मं छापलं तर फेकाफेकी होते, कायदा आहे. असं आम्ही दोघं तासभर एकमेकांवर ओरडत राहिलो. मॅडमनी मला बाकावर उभं करायचं तेवढं बाकी ठेवलं.

माणिकराव पट्टीने टेबलाची लांबी मोजत होते. मोजून झाली, मग त्यांनी कागद ओढला आणि एक ओळ लिहिली. ती आमच्या कोशातली सगळ्यांत लहान नोंद आहे. 'रायभान बहादूर, राजे : रायवाडीसह साडेतीन गावांचे जहागीरदार होते.'

मॅडम म्हणाल्या, एवढंच? घोडा?

"घोडा परत केला. मिटलं ते."

"आणि झोप?"

"झोप कोणाला येत न्हाई?"

"आणि चिंचेचं झाड?"

"झाडाची नोंद वनस्पती खंडात घेऊ."

मॅडम म्हणाल्या, वनस्पती खंड काढायचं आपलं ठरलेलंच नाही. माणिकराव म्हणाले, मग ठरेपर्यंत झाड थांबेल, झाडाला घाई नसते. मी त्यांना सगळं छापायच्या कायद्याची आठवण करून दिली. खरं सांगायचं तर मला जरा मजाच वाटत होती. एवढे दिवस आमच्या मानेवर पट्टी ठेवणारा माणूस आता काय करतो ते मला बघायचं होतं. माणिकराव म्हणाले, "निम्मं छापलं असतं तर फेकणं झालं असतं. मी निम्मं कुठं छापून राहिलो? राजा होता का न्हवता, असा सवाल होता. त्याचं उत्तर आख्खं दिलंय."

मॅडमनी हात वर करून ठराव मंजूर केला. त्यांनी वर्गात पास केलेला सगळ्यांत कच्चा विद्यार्थी असावा अशा नजरेने त्या माणिकरावांकडे बघत होत्या.

पान जुळवून झाल्यावर मी राजाभाऊला छापखान्यात बोलावलं. मॅडम आणि माणिकराव आधीच येऊन बसले होते. तो आला तेव्हा हात साबणाने धुऊन आला होता. नखांत तरी काळं राहिलंच होतं. मी कच्चं पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, नाराज होणार. एवढ्या राजाची एवढीशी ओळ.

त्याने विचारलं, कागद बघायला मिळतील का?

 माणिकरावांनी दप्तर सोडलं, तिन्ही कागद त्यांनी मालकांना पावती देऊन उसने आणले होते. पहिला कागद त्याच्यापुढे धरला. मोडी राजाभाऊला येत नाही, पण अक्षरांकडे तो डोळे फाडून बघत होता. माणिकरावांनी तर्जनीने ओळ दाखवत वाचायला सुरुवात केली. 'रायवाडीचे राजे रायभान बहादूर आमचा घोडा लग्नाकरिता घेऊन गेले. तो परत आणला.' इथे ओळीवर त्यांचा अंगठा आला आणि थांबला. मोठा अंगठा आहे त्यांचा. जन्मभर साखळी ओढलेला. त्याच्याखाली दीड ओळ सहज मावली.

दुसऱ्या कागदावर त्यांनी वाचलं, दरबारात हाजिर. अंगठा. राजाभाऊ म्हणाला, दरबारात? माणिकराव म्हणाले, व्हय, नाव हाय ना हितं.

तिसऱ्या कागदाला मी श्वास रोखून धरला. 'लुटारू आले,' माणिकराव वाचू लागले, 'त्या समयी राजे,' आणि इथे अंगठा चिंचेवर गेला, 'उंच जागी होते.' पुढचा सगळा मजकूर त्यांनी तळहाताने झाकला आणि कागदाची घडी केली.

वाचलेल्यात एक अक्षर खोटं नव्हतं, मी साक्षीला आहे. पण त्यांच्या कपाळावर घाम होता. ऐन जानेवारीत, पंखा चालू असताना. 

राजाभाऊ खुर्चीत मागे टेकला. कोशाचं पान त्याने गुडघ्यावर ठेवलं होतं, ते चुरगळू नये म्हणून दोन्ही हात बाजूला धरून बसला होता. बाहेर त्याच्या दुकानासमोर एक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, तोही त्याला ऐकू येत नसावा. मग, आमच्यापैकी कुणाला उद्देशून नव्हे, तो म्हणाला, "म्हंजे आमचे दादा खरं बोलून राहिले होते."

मी जिंकल्यासारखा माणिकरावांकडे वळलो. म्हटलं, आता डोळा मिचकावतील, निदान पट्टी तरी टेबलावर आपटतील. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते राजाभाऊच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचा हात खिशात काहीतरी शोधत होता. मोबाइल निघाला. तो त्यांनी सदऱ्याला पुसला, राजाभाऊपुढे धरला, आणि आम्ही सगळे ऐकतोय हे विसरून बोलून गेले, "राजाभाऊ, हे एवढं आमच्या पोराला फोनवर सांगता का?"